न उघडलेला डबा

आमच्या घरात पिशवी किंवा डबा न उघडता आत नेण्याची पद्धत नव्हती. वडील तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. पाळी सुटली की कामगार रांगेने बाहेर पडत आणि प्रत्येकाच्या जेवणाचा डबा वडील उघडून पाहत. त्यांच्याजवळ लांब दांड्याचा एक चमचा असे. डब्यात उसळ उरली असेल तर तो चमचा तळापर्यंत घालून फिरवत. एकदा वालाच्या उसळीखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे निघाले होते, तेव्हापासून चमचा आला. ही सवय त्यांनी फाटकावरून घरी आणली की घरातून फाटकावर नेली, हे मला सांगता येणार नाही. आई बाजारातून आली की टोपली आधी ओट्यावर त्यांच्यासमोर ठेवी. जवळा असो, सुके बोंबील असोत, वडील बोटांनी चाळून पाहत आणि मान हलवत. मान हलली की टोपली आत जाई. यात आपला अपमान आहे असे आईला वाटत असेल, तर तिने ते कधी बोलून दाखवले नाही. आता माझे केस वडिलांच्या त्या वेळच्या केसांहून पांढरे आहेत, आणि दारात आलेल्या प्रत्येक पुडक्याची दोरी मी स्वतः सोडतो. सून हसते. 

वडिलांच्या या स्वभावाला कारण होते. घणसोली गावाच्या खाडीकडच्या अंगाला आमची खाजणातली भातशेती होती आणि एका मिठागरात वाटा होता. नवे शहर वसवायचे ठरले तेव्हा मोजणीची माणसे आली, खुंट्या ठोकल्या गेल्या, फिती ताणल्या गेल्या आणि जमीन गेली. ती सगळ्यांचीच गेली. वडिलांना मात्र जमिनीइतकीच दुसरी एक गोष्ट लागली होती. शेताच्या बांधावर आमची खोपी होती. आजा तिच्यात राहिला आणि तिच्यातच वारला. नकाशात ती खोपी नव्हती. वडिलांनी मोजणीदाराला हाताला धरून तिच्यासमोर नेले. त्याने खोपीकडे पाहिले, नकाशाकडे पाहिले, आणि "इथं काही दाखवलेलं नाही" एवढे म्हणून तो पुढच्या बांधावर गेला. नकाशात जे नसते ते नसतेच, हे वडील त्या दिवशी शिकले. पुढे थोरला भाऊ हिराजी याच्या लग्नाच्या वेळी त्यांनी खाडीच्या धक्क्यासमोर स्लॅबचे दोन खोल्यांचे घर बांधले. ती जागा आमचीच, पण गावठाणाच्या जुन्या हद्दीबाहेरची होती. अशी घरे बेकायदा ठरवून पाडणार, अशी कुणकुण दर पावसाळ्यानंतर गावात उठत असे. ती उठली की वडील ओट्यावर बसून धक्क्याच्या वाटेकडे पाहत. त्या वाटेने कोण येते यावर घराचे आयुष्य आहे असे ते मानत. मीही मानत असे.

याच सुमारास गावात केबल आली. मी नुकताच इंग्रजी घेऊन पदवीधर झालो होतो आणि नोकरी नव्हती. रविवारी दुपारी एका वाहिनीवर इंग्लंडात तयार झालेल्या मालिका लागत. बहुतेक खुनाच्या असत, काही हेरगिरीच्या. तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचे कालवण झाले की आम्ही सगळे टीव्ही संचासमोर बसत असू. आई, हिराजी, त्याची बायको, वडील, आणि शेजारची पदूआत्या. पदूआत्या मासळी विकून आलेली असे आणि तिचे निम्मे लक्ष विक्रीच्या हिशेबात असे. मी मधे बसून मराठीत सांगत असे. इतर देशांच्या चित्रपटांत माणूस दार लाथेने उघडतो. या मालिकांतली माणसे दार वाजवत, पायपुसण्यावर पाय पुसत, टोपी काढून आत येत आणि चहा घेत. चहाच्या तासाभरात कोण कोणाचा गळा कापून आला आहे हे हळूहळू कळे. कुणीही मनातले बोलत नसे. पावसाबद्दल बोलत, गुलाबांबद्दल बोलत.

"यांना एकमेकांची भांडनं पन करता येत नाय," पदूआत्या म्हणे. "मी आसते तं त्या बायच्या झिंज्या धरून इचारलं आसतं, बोल, इख कोनी घातलं?"

"मग खेल एका घटकेत संपला आसता," हिराजी म्हणे.

 वडिलांचा एक सिद्धांत होता आणि तो सहसा खरा ठरे. सगळ्यांत नम्र बोलणारा माणूस गुन्हेगार. "यो बघ," ते पडद्याकडे बोट करत, "यो खुर्ची सरकून देतंय. यानंच मारला." मी दुसरी एक गोष्ट टिपली होती. या मालिकांत महत्त्वाचे वाक्य कधीच मोठ्याने बोलत नाहीत. माणूस खिडकीकडे वळतो, पाठ करतो, आणि खालच्या आवाजात अर्धे वाक्य बोलतो. तेच वाक्य धरायचे असते. ते निसटले तर पुढचे सगळे निसटते. महाविद्यालयाने मला इंग्रजी वाचायला शिकवले. ऐकायला मी या मालिकांकडून शिकलो, आणि पुढे न्यायालयात दुभाषी म्हणून काढलेली सगळी वर्षे मी त्याच शिदोरीवर काढली.

एके दिवशी सकाळी धक्क्याच्या वाटेने तीन माणसे आली. दोन गोरी होती आणि एक आपल्यातला, काळा चष्मा लावलेला. त्यांच्याजवळ मोजण्याची फीत होती. त्यांनी धक्क्यापासून आमच्या ओट्यापर्यंत फीत ताणली, एका गोऱ्याने डोळ्यासमोर बोटांची चौकट करून घराकडे पाहिले, आणि जाताना भिंतीवर खडूने पांढरी फुली काढली. तशा फुल्या धक्क्यासमोरच्या आणखी काही घरांवर काढल्या. वडील कामावर होते. आई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली.  गावाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. फीत आली, फुली आली, आता काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होते. पदूआत्याने मासळीच्या टोपलीतले फडके खाडीत बुचकळले आणि फुल्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी ती माणसे परत आली, फुल्या नाहीत म्हणून गोंधळली, आणि त्यांनी पुन्हा काढल्या. आत्याने पुन्हा पुसल्या. तिसऱ्या दिवशी काळ्या चष्म्याच्या माणसाला बायकांनी धक्क्यावरच अडवले.

तो घाबरला होता, पण बोलणे मुंबईचे होते. "अहो मावशी, टेन्शन नका घेऊ! पाडायला कोण आलंय? शूटिंग आहे, शूटिंग. लंडनची पार्टी आहे, टीव्हीची सिरीयल बनवतायत. तुमचं गाव सिलेक्ट झालंय, लकी आहात!"

"तुजं गाव कंचं?" आत्याने विचारले.

"मी दादरचा. सावंत."

"मग दादरला कर ना शूटिंग. थतल्या घरांवर मार फुल्या."

सावंत या निर्मितीचा इथला व्यवस्थापक होता. त्याने सांगितले ते असे. मिठागरांवर नेमलेला एक इंग्रज अधिकारी, त्याची बायको, आणि राज्य संपत आल्याचे दिवस, अशी कथा होती. त्यात एका गलबतातून ती बाई एका खेड्याच्या धक्क्यावर उतरते. त्यासाठी आमचा धक्का हवा होता. फुलीचा अर्थ एवढाच, की हे घर त्या काळात शोभत नाही, म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी ते तट्ट्यांनी आणि झावळ्यांनी झाकायचे. काम झाले की सगळे काढून घेणार. गावात इंग्रजी कोणाला येते, असे त्याने विचारले. लोकांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून मी दुभाषी झालो.

गावाने हे मानले, असे वरवर दिसत होते. आतून कोणी मानले नव्हते. लंडनची माणसे एवढ्या लांबून येऊन आमचा चिखल कशाला टिपतील, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. सरकारनेच यांना पाठवले आहे, सिनेमाच्या नावाखाली घराघरांचे फोटो गोळा होतील, असे एक मत होते. दुसरे मत असे, की जो दुभाषी झाला तो फितला. नाक्यावर मी आलो की बोलणे थांबे. पदूआत्या तोंडावर बोले, तेवढाच मला तिचा आधार. "काय रं बाल्या, सायबाचं मीठ कसं लागतं? आपल्या मिठागराचंच हाय का लंडनवरून आनलंय?"  संध्याकाळी मी घरी उंबऱ्याशी आलो तेव्हा वडिलांनी हात पुढे केला.

"पिशवी दाखव."

मी दाखवली. पंचा, पाण्याची बाटली, लंडनवाल्यांच्या तंबूत मिळालेले पावाचे दोन त्रिकोणी तुकडे. वडिलांनी पावाचा तुकडा उलगडून आत काय आहे ते पाहिले. काकडी होती. त्यांनी मान हलवली. त्यानंतर रोज संध्याकाळी ते माझी पिशवी पाहत. कारखान्याच्या कामगारांत आणि माझ्यात त्यांनी फरक केला नाही. मला ते लागले होते, एवढे नोंदवतो.

मीही स्वस्थ नव्हतो. तंबूत बसून मी त्यांचे बोलणे ऐके आणि प्रत्येक वाक्याच्या पाठीमागे काय आहे ते शोधे. त्यांच्यापैकी कोणी हसून आभार मानले तरी मला रविवारच्या मालिका आठवत. दिग्दर्शन करणारी बाई वयस्कर होती. कापलेले पांढरे केस, उन्हाने लाल झालेली मान, आणि बोलणे अतिशय मऊ. वडिलांच्या सिद्धांतात ती तंतोतंत बसत होती. ती प्रत्येक घरी स्वतः गेली आणि परवानगी मागितली. लोकांनी हो म्हटले. झावळ्या सिनेमावाल्यांच्या, माणसे त्यांचीच, घर झाकून मोकळे करून देणार, मग नाही म्हणायला काही सापडेना. आमच्याकडे ती शेवटी आली. आईने तिला पाट दिला. बाईने थर्मासमधून चहा ओतून वडिलांपुढे धरला. वडिलांनी तो घेतला आणि तसाच सावंतसमोर केला.

"आधी तू पी."

"अहो काका, काय हे!"

"पी."

सावंत प्यायला. वडील त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "तिना सांग. घर झाकायचं नाय."

बाईने कारण विचारले. वडिलांनी जे सांगितले ते मी इंग्रजीत केले, आणि करताना मला पहिल्यांदा त्यांचे म्हणणे पूर्ण समजले. सिनेमात धक्का दिसेल, गाव दिसेल, खाडी दिसेल, आणि आमच्या घराच्या जागी झावळ्या दिसतील. उद्या कोणी तो सिनेमा समोर ठेवून विचारील, या जागेवर घर कुठे आहे? नकाशात नाही, सिनेमात नाही. मग आम्ही काय दाखवायचे? बाई म्हणाली की ही गोष्ट जुन्या काळाची आहे, खोटी आहे, ती पुरावा कशी होईल. वडील म्हणाले, "नकाशा पन खोटाच होता."  बाईने आमच्या भिंतीवर हात ठेवला, नमस्कार केला आणि गेली. त्या हाताचा अर्थ मी रात्रभर लावत होतो.

चित्रीकरणाच्या दिवशी भरतीची वेळ साधायची होती. आमच्या धक्क्याला भरतीतच गलबत लागते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि मग त्यावर फक्त निवट्या, चिखलातले मासे, उड्या मारतात. सकाळपासून माणसे राबत होती. सगळी घरे झाकली गेली. मधोमध आमचे घर तेवढे उघडे राहिले, निळ्या रंगाचे, वर पाण्याची काळी टाकी. दाराशी ओट्यावर वडील बसले होते, कारखान्याचा खाकी सदरा घालून, मांडीवर दोन्ही हात ठेवून. त्यांनी त्या दिवशी पाळी बुडवली होती. पाळी बुडवल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. गलबत खाडीत उभे होते. त्यात जुन्या वेषातली नटी छत्री धरून बसली होती. गाव गोळा झाले होते आणि पाणी भरत होते. सावंत घामाने भिजला होता. "काका, तुमच्या पाया पडतो. भरती गेली तर माझी नोकरी जाईल."

"तुजी नोकरी, माजं घर," वडील म्हणाले.

बाई आली. तिने मला विचारायला सांगितले की काय केले तर ते उठतील. वडिलांनी याचा विचार आधीच करून ठेवला असावा. ते म्हणाले, "आधी माजं घर घे. आसं उगडं. मी हितं बसलेला, मागं घर, पुढं धक्का. ह्या मशिनीत घे. मग झाक." मी ते सांगितले. बाई लगेच हो म्हणाली. फार लगेच म्हणाली, असे मला वाटले. कॅमेरा ओट्यासमोर आणला गेला. कॅमेरा चालवणारा उंच गृहस्थ कुरकुरत होता. तो कॅमेऱ्यावर वाकला, मग बाईजवळ जाऊन खाडीकडे तोंड करून उभा राहिला, आणि गलबताबद्दल काही सांगावे तशा आवाजात बोलला. गावाला त्याची पाठ दिसत होती. मी त्याचे वाक्य धरले. फिल्मचा भरलेला डबा वाया घालवायला नको, रिकामा डबा लावून फिरवू, म्हाताऱ्याला काय कळणार, असे ते वाक्य होते. बाईने खाडीकडेच पाहत मान किंचित हलवली.

कॅमेरा घरघरू लागला. वडील ताठ बसले होते. लग्नाच्या फोटोला बसतात तसे. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिने पदर सारखा केला. पदूआत्या गर्दीतून म्हणाली, "जोमादादा, हास जरा, का घर पडल्यासारखा बसलास!" लोक हसले. वडील हसले नाहीत. घरघर थांबली. बाई माझ्याकडे वळून म्हणाली की वडिलांचे आभार मान, झाले. वडिलांनी उठण्यासाठी ओट्यावर हात टेकला.

"बा, उठू नको," मी म्हणालो. "डबा रिकामा हाय."

 सावंतला मराठी कळत होते, तो प्रथम माझ्या अंगावर आला. "ए, वेड लागलं का तुला? जॉब गेला तुझा, समजलं? गेला!" बाईने मला विचारले की तू काय सांगितलेस. मी तिला इंग्रजीत सांगितले, की या गृहस्थांनी तुम्हाला जे सांगितले तेच मी वडिलांना सांगितले, दुभाष्याचे काम तेच असते. तिचा चेहरा मानेइतकाच लाल झाला. त्या मालिकांत अशा वेळी माणसे चहा मागवतात. हिने मागवला नाही. कॅमेरावाल्याला तिने चार शब्द मोठ्याने सांगितले. भर. आणि पुन्हा घे.

साहाय्यकाने एक काळी पिशवी आणली. तिला दोन बाह्या होत्या. नवा डबा आणि फिल्मची गुंडाळी आत ठेवून त्याने चेन लावली, बाह्यांतून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले, आणि आकाशाकडे पाहत आत काहीतरी करू लागला. वडील हे पाहत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पिशव्यांत हात घातले होते. समोरचा माणूस स्वतःच्याच पिशवीत हात घालून काही लपवतो आहे, असे दृश्य त्यांच्यापुढे होते.

"आत काय करतंय त्यो?"

"फिल्म भरतंय. उजेड लागला तर खराब होते, म्हनून पिशवीत."

"उगडून दाखव म्हनावं."

"उघडली तर जाईल, बा."

"आनि नाय उगडली तर मी कसं समजू?"

मी हे भाषांतर केले नाही. वडिलांचे बोट पिशवीकडे होते, त्यावरूनच बाईला समजले. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागले होते. गलबतावरचा तांडेल हात हलवून विचारत होता, येऊ का, येऊ का. शेवटी बाईच म्हणाली, की वडिलांनी स्वतः पिशवीत हात घालून पाहावे. साहाय्यकाने तोंड वाकडे केले, पण हात बाहेर काढून पिशवी पुढे केली. गाव पुढे सरकले. वडिलांनी त्या दोन काळ्या बाह्यांकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले.

"मी घातला तर लोक बोलतील, जोमाला काय कलतं त्यातलं. तू घाल. तू सांगशील ते मी मानतो."

हे ते सगळ्या गावासमोर बोलले. मी सदऱ्याला हात पुसले आणि बाह्यांतून आत घातले. आत ऊब होती. बोटांना आधी पत्र्याची कड लागली, मग गुंडाळीची सपाट बाजू, घट्ट आणि गुळगुळीत, आणि तिच्या बाहेर निघालेले एक टोक. साहाय्यक इंग्रजीत ओरडला की फक्त कडेला हात लाव. मी कडेला लावला. कडेवर बारीक भोके होती, बोटाच्या पेराला एकामागून एक कळत होती. वडील माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, सावंत चहा प्यायला तेव्हा त्याच्याकडे पाहत होते तसेच.

"हाय," मी म्हणालो.

वडिलांनी मान हलवली. डबा लागला, कॅमेरा पुन्हा फिरला, आणि त्यांनी पुन्हा तसेच ताठ बसून आपले घर टिपू दिले. मग ते उठले, आईला घेऊन बाजूला झाले, आणि स्वतः झावळ्या ओढू लागले. सावंतच्या माणसांची तट्टी वाऱ्याने हलत होती. वडिलांनी ती आपल्या हाताने काथ्याने आवळली. भरती साधली. नटी उतरली. माझी नोकरी त्या संध्याकाळी गेली. बाईने जाताना हात मिळवला. घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे पिशवी उघडून उंबऱ्यावर ठेवली. वडील तिच्याकडे न पाहता आत गेले आणि आईला म्हणाले, "त्याना भाकरी वाढ."

ती मालिका आम्हाला दिसली तोवर मी न्यायालयात लागलो होतो. त्याच वाहिनीवर, रविवारीच दुपारी. गाव आमच्या पुढच्या खोलीत मावेना, काही जण खिडकीच्या गजांना धरून उभे होते. बराच वेळ इंग्लंडमधलीच घरे चालली होती, पाऊस आणि चहा. मग एकदम आमची खाडी आली. गलबत लागले, नटीने पाऊल टाकले, आणि तिच्या छत्रीमागे झावळ्यांची एक बुटकी खोपी दिसली न दिसली तोच चित्र बदलले. पदूआत्या म्हणाली, "जोमादादा, तुजी गाठ चांगली बसली रं, काय हललं नाय." लोक पुढचे पाहण्यासाठी थांबले. पुढे आमचे गाव नव्हते. लोक पांगले. वडील संचासमोर बसून राहिले.

"आपला त्यो पयला? उगडा?"

"तो नाय घेतला त्यांनी सिनेमात."

"पन थं हाय ना? डब्यात?"

"हाय."

वडिलांनी बसल्या जागेवरून मागे हात नेला आणि भिंतीवर बोटांची पेरे दोनदा वाजवली. मग ते बाहेर ओट्यावर जाऊन वाटेकडे पाहत बसले.

त्या वाटेने ज्यांची ते वाट पाहत होते ते कधी आले नाहीत. वडील गेल्यावर घर हिराजीच्या मुलांनीच पाडले आणि तिथे इमारत उभी केली. तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. आमच्या त्या घराचा एकही फोटो निघाला नाही. मी न्यायालयात असताना चित्रपटाच्या धंद्यातला एक साक्षीदार भेटला होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारले, की पिशवीतली फिल्म कोरी आहे की वापरून टाकून दिलेली, हे बोटांना कळते का. तो म्हणाला, कडेला भोके दोन्हींना सारखीच असतात. मी त्याचे आभार मानले आणि आत जाऊन त्याची उरलेली साक्ष भाषांतरित केली. माझ्या तोंडून गेलेला प्रत्येक शब्द मी नोकरीभर दोनदा तपासला. त्या दिवशी वडिलांना धक्क्यावर सांगितलेला, आणि मालिका पाहिल्यावर पुन्हा पुढच्या खोलीत सांगितलेला, तेवढा एक मी तपासलेला नाही.